हात पुढे केला की तो बाजूला सरकतो

प्रश्न: माझा लॅब्रॅडॉर मोती दहा महिन्यांचा आहे. डमी (सरावासाठी पक्ष्याऐवजी फेकायची कॅनव्हासची वस्तू) फेकली की बाणासारखा सुटतो, उचलतो आणि तसाच वळून धावत येतो. पण माझ्यापासून सहा-सात पावलांवर आला की एक तर डमी खाली टाकतो, नाहीतर माझ्याभोवती गोल फिरत राहतो. हात पुढे केला की बाजूला सरकतो. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याला मारलेला पक्षी दिला. तो पक्षी घेऊन थेट झुडपात जाऊन बसला आणि मी जवळ गेलो तेव्हा गुरगुरला. शेवटी ओढून काढावा लागला. शिकारीचा हंगाम दोन महिन्यांवर आलाय. एक मित्र म्हणतो, कान पिळून 'धर' आणि 'सोड' शिकव, दोन आठवड्यांत ताळ्यावर येईल. दुसरा म्हणतो, विजेचा पट्टा आण. मला दोन्ही पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. आणि हो, शिटी कोणती घ्यावी?

उत्तर: तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं. हात पुढे केला की बाजूला सरकतो. सगळं दुखणं तिथेच आहे. मोतीला आणता येतं. तो सुटतो, शोधतो, उचलतो, वळतो, परत येतो. दहा महिन्यांच्या कुत्र्याकडून याहून जास्त मी मागणार नाही. तो अडतो तो तुमच्या हाताच्या टप्प्यात आल्यावर. त्याच्या लेखी तुमचा हात म्हणजे तोंडातली वस्तू काढून घेणारा हात झालाय. हे तुमच्याकडून मुद्दाम झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पिल्लू पाळणाऱ्या बहुतेक घरांत ते असंच, नकळत होऊन जातं.

चार महिन्यांचा मोती आठवून बघा. साधारण त्या वयात पिल्लाचे २८ दुधाचे दात पडायला लागतात आणि सातव्या महिन्याच्या आसपास ४२ पक्के दात पूर्ण होतात. मधल्या काळात हिरड्या सुजलेल्या असतात, ठणकतात, आणि दिसेल ते चावत सुटावंसं वाटतं. अशात ते कोणाची तरी चप्पल तोंडात धरून, मान उंचावून, सगळं अंग हलवत तुमच्याकडे येतं. आपण काय करतो? 'अरे अरे, सोड!' म्हणत धावतो, जबडा धरतो आणि चप्पल ओढून काढतो. तीही दुखऱ्या हिरड्यांतून. असं चार-पाच वेळा झालं की पिल्लाच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसतात. माणसाजवळ नेलं की वस्तू जाते. आणि घेऊन पळालं की माणूस मागे धावतो, मग मजा येते. मोती तुमच्याभोवती घिरट्या घालतो तो त्या जुन्या खेळाच्या आठवणीने, आणि सहा पावलांवर डमी टाकतो ती यासाठी की टाकून दिली तर हात तोंडाकडे येत नाही. तुम्हाला हे दोन वेगळे दोष वाटत असतील. मला दोन्हीचं मूळ एकच दिसतं. त्यात कोणी त्याच्याशी फडक्याची रस्सीखेच खेळत असेल तर ती आजपासून बंद करायला सांगा, घरातल्या लहान मुलांनासुद्धा.

तुम्ही राहता तिथे शिकारीला कायद्याची परवानगी आहे आणि तुमच्याकडे परवाना आहे, हे गृहीत धरून पुढचं लिहितोय.

पायाशी आणून टाकलं तर काय बिघडलं, हातातच का द्यायला हवं, असं बरेच जण विचारतात. डमीच्या बाबतीत काहीच बिघडत नाही. पण कुत्र्याने आणलेला प्रत्येक पक्षी मेलेला नसतो. पंखाला छर्रा लागलेला पक्षी कुत्र्याच्या तोंडात निपचित पडतो आणि जमिनीवर टेकला की उठून पळतो. बदक असेल तर काठावर टाकल्याक्षणी पुन्हा पाण्यात शिरतं आणि बुडी मारतं. मग तो जीव कुठेतरी लव्हाळ्यात तडफडत मरतो. हातात आलेल्या पक्ष्याचे हाल तुम्ही त्याच क्षणी थांबवू शकता. गोळी झाडणाऱ्यावर ही जबाबदारी असते आणि ती पार पाडण्यासाठी कुत्रा असतो. म्हणून 'हाताशी' या शब्दाबाबत मी कधीच सूट देत नाही.

आता कामाला लागू. पहिले दोन आठवडे डमी कपाटात कुलूपबंद. पक्षी तर नाहीच नाही. मोतीला वाटेल तुम्ही खेळच बंद केला; वाटू दे. या दोन आठवड्यांत त्याला रिकाम्या तोंडाने तुमच्या हाताशी यायला शिकवायचं. शिटीचे चार-पाच छोटे ठोके, तुम्ही खाली बसलेले, तो येतो, अगदी गुडघ्याला चिकटतो, तुम्ही छातीवरून आणि हनुवटीखालून हात फिरवता, आणि मग त्याला मोकळं सोडता. मोकळं सोडणं विसरू नका. बहुतेक कुत्र्यांना बोलावलं जातं ते पट्टा अडकवायला, खेळ थांबवायला किंवा आंघोळीला. दहातल्या नऊ वेळा बोलावणं हे नुसत्या लाडासाठी असू द्या. दोन्ही वेळचं जेवण याच शिटीवर द्या. हात नेहमी खालून न्यायचा, डोक्यावरून नाही. डोक्यावरून येणारा हात कुत्र्याला झडपेसारखा वाटतो, आणि मोतीला तर झडपांचा अनुभव आहे.

तुम्ही उभे कसे राहता याकडेही याच दिवसांत लक्ष द्या. समोरासमोर ताठ उभं राहायचं, नजर कुत्र्याच्या तोंडावर, अंग पुढे झुकलेलं, हात लांब केलेला: कुत्र्याच्या भाषेत याचा अर्थ 'जवळ येऊ नकोस' असा होतो. आपण तोंडाने 'ये ये' म्हणतो आणि अंगाने त्याला ढकलतो. थोडं तिरकं उभं राहा, नजर जमिनीकडे, आणि तो येत असताना दोन-चार पावलं मागे जा. मागे जाणाऱ्या माणसाकडे कुत्रा ओढला जातो. एकदा करून बघा, फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

तिसऱ्या आठवड्यात डमी बाहेर काढा, पण मैदानावर जाऊ नका. घरातला एखादा अरुंद बोळ निवडा, ज्याचं एक टोक बंद आहे आणि बाजूची सगळी दारं लावता येतात. उघड्या टोकाला मोतीचं अंथरूण टाका आणि तुम्ही त्यावर, म्हणजे खरोखर त्याच्या अंथरुणावर, मांडी घालून बसा. कुत्रा आवडीची वस्तू घेऊन आपल्या जागेवर जातो. ती जागा तुमच्याकडे असेल तर तो तुमच्याकडेच येणार. घिरट्या घालायला बोळात जागाच नाही. डमी तीन-चार मीटरवर हलकेच सरकवा. तो उचलेल, वळेल आणि येईल. आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो तुमच्यासाठी अवघड आहे, मोतीसाठी नाही: डमीला हात लावायचा नाही.

डमी तोंडात असताना त्याला कुशीत घ्या. छाती चोळा, कानामागे खाजवा, पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवा, हळू आवाजात बोला. दहा-पंधरा सेकंद. पहिल्या दिवशी तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून तुमच्या हाताकडे बघत राहील, मान वळवून डमी दूर धरेल. तुम्ही डमीकडे पाहूही नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे खांदे सैल पडतात, मान खाली येते आणि तो डमी तुमच्या मांडीवर टेकवून उभा राहतो. हा क्षण ओळखता आला पाहिजे. इथपर्यंत आलात की मगच एक तळहात जबड्याखाली धरा, दुसऱ्या हाताने डमीचं टोक अलगद पकडा, एकदाच 'दे' म्हणा आणि थांबा. ओढू नका. ओढलं की जबडा आवळला जातो, ती त्याची उपजत प्रतिक्रिया आहे. हात दगडासारखा स्थिर ठेवा. न हलणाऱ्या वस्तूत कुत्र्याला रस राहत नाही, काही सेकंदांत तो जबडा सैल करतो. त्याने सोडली की शाबासकी द्या, आणि पहिले काही दिवस डमी लगेच त्याच्या तोंडात परत द्या. दिलं तरी परत मिळतं, हे त्याला पटू दे.

इथे खाऊचा प्रश्न येतो. बरेच जण डमीच्या बदल्यात खाऊ देतात. डमी टाकणाऱ्या कुत्र्याला मी तो देत नाही. खिशात हात जाताना दिसला की तो खाऊसाठी तोंड मोकळं करायला आणखी लवकर, आणखी दुरूनच डमी टाकतो. गुरगुरून पक्षी राखण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे अदलाबदल कामाची. त्यावर येतोच.

बोळातल्या कामाच्या जोडीने 'धर' शिकवा, पण वेगळ्या वेळी आणि फेकाफेकीशिवाय. मोती बसलेला, तुम्ही त्याच्या बाजूला. वरच्या ओठाच्या कडेला बोट लावून तोंड हळूच उघडा, डमी सुळ्यांच्या मागे ठेवा, 'धर' म्हणा, हनुवटीखाली दोन बोटांचा आधार द्या. दोन सेकंदांनी 'दे'. मग पाच सेकंद, मग दहा. त्यानंतर डमी तोंडात ठेवून पट्ट्यावर चार पावलं चालायचं, मग दहा, मग वळणं घेत. दिवसातून पाच मिनिटं पुरतात. दोन-तीन आठवडे लागतील. डमी तोंडात असताना चालता-बसता यायला लागलं की टाकण्याची सवय निम्मी सुटते, कारण बरीच पिल्लं केवळ चाल बदलताना डमी पाडतात. याच कारणाने, आणताना समोर बसून द्यायचं ही अट मोतीवर आत्ता घालू नका. बसताना मान खाली जाते आणि डमी पडते. उभ्यानेच घ्या. बसून देणं पुढच्या वर्षी शिकवलं तरी चालतं.

डमीबद्दल थोडं. नेहमीची कॅनव्हासची डमी साधारण ५०० ग्रॅमची असते आणि पिल्लांसाठी त्याच्या निम्म्या वजनाची मिळते. दहा महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला मोठी झेपते, पण तो ती टोकाला धरत असेल तर काही दिवस लहानीवर परत या. टोकाला धरलेली डमी लोंबते, लोंबली की कुत्रा ती झटकतो, आणि झटकणं ही पक्ष्याच्या बाबतीत फार वाईट सवय. डमीला फेकण्यासाठी लावलेली दोरी आधी कापून टाका. तरुण कुत्री दोरीच धरतात आणि डमी गोल फिरवत येतात. तुमचा मोती हे करतो की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण करत असेल तर उपाय एका कात्रीचा आहे.

बोळातलं काम सलग आठवडाभर बिनचूक झालं की बाहेर या. पाठीमागे भिंत किंवा दाट कुंपण येईल असे उभे राहा, म्हणजे तुमच्या मागून घिरटी घालता येणार नाही. अंतर वीस पावलांहून जास्त नको. तो उचलून वळला की तुम्ही भिंतीला समांतर चालू लागा. डमी टाकलीच तर वाकून उचलू नका, ओरडू नका, बोटही दाखवू नका. उत्साहाने मागे पळा. बहुतेक वेळा तो परत उचलून मागे येतो. नाही आला तर गप्प चालत जाऊन डमी खिशात टाका आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपवा. तीन चांगल्या फेऱ्या झाल्या की थांबायचं. चौथी 'अजून एकदा'ची असते, आणि बिघडते ती नेमकी चौथी. फेकलेल्या डमींपैकी निम्म्याहून जास्त तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला आणि मोतीला बसून बघू द्या. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते हे त्याला कळलं तरच तो पुढे बंदुकीजवळ शांत बसेल.

पाण्याचं एक कलम वेगळं आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर कुत्रा अंग झाडतो आणि झाडण्यासाठी तोंडातलं खाली ठेवतो. चांगले चांगले कुत्रे इथे फसतात. तुम्ही काठापासून दहा पावलं मागे उभे असाल तर तो काठावरच झाडणार. म्हणून सुरुवातीला गुडघाभर पाण्यात उतरा आणि त्याचे पाय जमिनीला लागण्याआधीच डमी घ्या. मग 'झाड' म्हणा आणि त्याला झाडू द्या. पुढे एकेक पाऊल मागे सरकत जा. तुम्ही भिजाल, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही.

आता पक्षी. झुडपात काय घडलं ते मोतीच्या बाजूने बघा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला इतक्या वासाची, इतकी मोलाची वस्तू मिळाली. हात म्हणजे गमावणं, हे त्याला आधीच माहीत होतं. तो लपला, तुम्ही जवळ गेलात, त्याने जी एकमेव भाषा येते तीत 'नको' म्हटलं, आणि तुम्ही ओढून घेतलंत. त्याचा संशय खरा ठरला. गुरगुरल्याबद्दल त्याला शिक्षा केली असेल तर पुन्हा करू नका. गुरगुरणं ही पूर्वसूचना असते, आणि ती दाबून टाकली की पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावा येतो. पुन्हा असं झालंच तर झुडपाकडे पाठ करा, चालू लागा, शिटी वाजवा, आणि तो पक्ष्यासह आला किंवा न घेता आला तरी काहीतरी खूप आवडीचं खायला द्या. मग पट्टा लावून त्याला दूर बांधा आणि पक्षी एकट्याने जाऊन उचला. घरात खाताना, हाडूक चघळताना, माणसं जवळ आल्यावरही तो असाच ताठरत असेल तर हे काम पत्रावर होणारं नाही; कुत्र्यांच्या वागणुकीचा जाणकार किंवा पशुवैद्य प्रत्यक्ष बघू द्या.

पक्ष्याकडे परत जाताना पायऱ्या लहान ठेवा. आधी डमीला सुकलेला पंख दोऱ्याने घट्ट बांधा आणि बोळात, अंथरुणावर बसून, तोच जुना खेळ. मग अख्खा थंड पक्षी पातळ नायलॉनच्या पायमोज्यात घालून. मोज्यामुळे पिसं तोंडात येत नाहीत, पंख उघडून डोळ्यांवर येत नाही आणि चावून बघण्याचा मोह कमी होतो. मग उघडा पक्षी. तो ताजा, कोरडा, स्वच्छ असावा. छर्‍यांनी फाटलेला, रक्ताळलेला अजिबात नको. कबुतराने सुरुवात करू नका. त्याची पिसं हातात धरली तरी गळतात, कुत्र्याच्या जिभेला आणि टाळ्याला चिकटतात, आणि काही कुत्री तेवढ्यावरून कायमची नाराज होतात. तित्तिराएवढा, घट्ट पिसांचा पक्षी चांगला. पहिल्या दिवशी तो फेकू नका, पाच पावलांवर ठेवा. मोतीला पाचेक मीटरची हलकी दोरी बांधून ठेवा. तिने त्याला ओढायचं नाही, फक्त झुडपाची वाट बंद ठेवायची.

त्याने दिलेला प्रत्येक पक्षी हातात घेऊन तपासा. मोतीसमोर घाईने नको, दोन मिनिटांनी, बाजूला जाऊन. पक्षी तळहातावर घ्या, छाती वर. अंगठा एका कुशीवर, बोटं दुसऱ्या कुशीवर ठेवून पिसांखालच्या बरगड्या चाचपा. चांगल्या पक्ष्यात दोन्हीकडे गोल, ताठ कमान लागते, बारीक टोपलीच्या काड्यांसारखी. कडक तोंडाच्या कुत्र्याने दाबलेल्या पक्ष्यात ती कमान दोन्ही बाजूंनी आत बसलेली असते आणि बोटं जवळजवळ एकमेकांना भेटतात. ब्रिटनमधल्या रिट्रीव्हरच्या, म्हणजे पडलेला पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्यांच्या, फील्ड ट्रायल नावाच्या स्पर्धेत परीक्षक आणलेला पक्षी असाच चाचपतात, आणि कडक तोंड सिद्ध झालं तर कुत्रा त्या दिवशी स्पर्धेबाहेर जातो. एकाच बाजूच्या बरगड्या मोडल्या असतील तर उंचावरून कडक जमिनीवर पडण्याचा तो परिणाम असू शकतो. कुत्र्याला लगेच दोष देऊ नका.

कडक तोंड बहुतेक वेळा आपणच घडवतो, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. माझा एक कुत्रा अकरा महिन्यांचा होता. डमीवर इतका सुंदर काम करायचा की मला धीर धरवला नाही. एका संध्याकाळी पंख मोडलेला नर फेझंट वेलींत पळाला आणि मी त्याला मागे सोडलं. त्याने पक्षी पकडला. पक्ष्याने पायाच्या नखाटीने त्याच्या नाकावर, डोळ्याच्या जरा खाली, लांब ओरखडा काढला. कुत्रा एकदा कळवळला आणि मग त्याने जबडा मिटला. मला तो आवाज ऐकू आला. त्या दिवसापासून आणलेल्या प्रत्येक पक्ष्याला तो आधी एकदा दाबायचा, मग उचलायचा. दोन वर्षं मी ते सोडवत होतो आणि पूर्ण कधीच सुटलं नाही. त्या एका संध्याकाळी मी थांबलो असतो तर एक मोठा कुत्रा घडला असता. तो पक्षी दुसऱ्या कोणाच्या अनुभवी कुत्र्याने आणला असता आणि एवढंच झालं असतं.

म्हणून तुमच्या दोन महिन्यांचं उत्तर 'नाही' असं आहे. या हंगामात मोती पक्षी आणणार नाही. एक-दोन दिवस त्याला पट्ट्यावर घेऊन जा, बंदुकांपासून बऱ्याच अंतरावर बसवा, आवाज ऐकू द्या, पक्षी पडताना बघू द्या, मोठ्या कुत्र्यांना काम करताना बघू द्या आणि घरी घेऊन या. तो कण्हेल, पुढे ओढेल. त्याला शांत बसवणं एवढंच त्या दिवसाचं काम. सगळं नीट चाललं तर हंगामाच्या अगदी शेवटी, सगळ्या बंदुका थांबल्यावर, उघड्या जागेत पडलेला, नक्की मेलेला एखादा पक्षी त्याला द्या. जखमी पक्षी दीड वर्षाच्या आत नको. आणि दुसऱ्या कुत्र्यासोबत एकाच पक्ष्यावर कधीच सोडू नका. दोघांच्या ओढाओढीत पक्षी फाटतो आणि दोन्ही तोंडं बिघडतात.

राहिले तुमचे मित्र. कान पिळून धरायला शिकवण्याची रीत जुनी आहे, अमेरिकेत ती आजही बरीच चालते, आणि ती टप्प्याटप्प्याने, मोजून मापून वापरणारे अनुभवी लोक आहेत हे मी मान्य करतो. मी ती वापरत नाही. मोतीच्या बाबतीत तर ती उलटेल असं मला ठामपणे वाटतं, कारण त्याला हाताचीच धास्ती आहे आणि तुम्ही त्याच हाताने वेदना देणार. विजेच्या पट्ट्याचंही तेच. तो वापरायला वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे, पण कायदा नसता तरी माझं मत बदललं नसतं. पक्षी तोंडात असताना झटका बसला तर कुत्रा तो तुमच्याशी जोडेल की पक्ष्याशी, हे तुम्हाला ठरवता येत नाही. पक्ष्याशी जोडला तर तो पुन्हा पक्षी उचलणारच नाही, आणि मग शिकवायला काही उरणार नाही. तुम्हाला दोन्ही पटलं नाही, हे वाचून मला मोतीची काळजी कमी झाली.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली पाण्यातून वस्तू काढून आणायचं काम करत. ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात मान्य केली ती १९०३ साली, पण तोंडात काहीतरी धरून माणसाकडे यायची ओढ त्याच्या कितीतरी आधीची आहे. चप्पल आणणारं तुमचं पिल्लू तेच करत होतं. ती ओढ मोतीत अजून शाबूत आहे, नाहीतर तो सहा पावलांपर्यंत तरी कशाला आला असता? उद्यापासून घरात त्याने काहीही आणलं, अगदी तुमचा चष्मा आणला तरी, आधी बसा, कुशीत घ्या, छाती चोळा, आणि पंधरा सेकंद गेल्यावर मगच 'दे' म्हणा. घरातल्या सगळ्यांना हे सांगा. एक जण ओढणारा राहिला तरी मोती सगळ्यांच्या हातांकडे संशयाने बघेल.

शिटी कुठलीही घ्या, पण ठरावीक सुराची आणि प्लास्टिकची घ्या. धातूची थंडीत ओठांना चिकटते. आत फिरणारी गोळी असलेली नको, तिचा सूर फुंकरीप्रमाणे बदलतो. स्पॅनियलसाठी २१०.५ आणि रिट्रीव्हरसाठी २११.५ क्रमांकाची शिटी सर्रास वापरली जाते. त्यामागे काही गूढ नाही. क्रमांक ठरलेला असला की हरवल्यावर त्याच सुराची दुसरी मिळते, एवढाच फायदा. एकाच क्रमांकाच्या दोन घ्या, एक गळ्यात आणि एक खिशात. लांब एक फुंकर म्हणजे 'बस', छोटे ठोके म्हणजे 'ये', आणि हे ठोके घरातले सगळे जण एकाच तालात वाजवतात की नाही, ते आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी बघून घ्या.